बत्तिसावी गाडी

इस्पितळातून परतताना, हेरेनबर्गच्या अलीकडच्या चढावर मार्लीसला उलटी झाली. गाडीत झाली, पण गाडीवर झाली नाही. तिनं पायाशी ठेवलेली आपली पर्स उचलली, साठाव्या वाढदिवसाला लेकीनं पाठवलेली तपकिरी कातड्याची पर्स, तिची चेन उघडली आणि तोंड आत घालून ती ओकली. मग चेन लावली. रुमालानं ओठ पुसले, रुमाल मुठीत धरला आणि समोर बघत, धापा टाकत म्हणाली, “सीटला काही नाही लागलं.” राइनहोल्ड बिट्झरनं गाडी कडेला घेतली. पण त्याच्याही आधी, गाडी हळू करायच्याही आधी, त्याची नजर सीटकडं गेली होती. आधी सीटकडं, मग बायकोकडं. हे तिनं पाहिलं की नाही कोण जाणे. त्यानं स्वतः मात्र पाहिलं. एकोणसत्तर वर्षांच्या आयुष्यात माणसाला स्वतःची अशी रंगेहाथ चोरी फार वेळा सापडत नाही. सापडली की मग ती लपवायला जागाही सापडत नाही.

घरी आल्यावर ती मोरीशी उभं राहून पर्स धुऊ लागली. चाव्या, चष्म्याचं घर, डॉक्टरांनी दिलेला कागद, सगळं एकेक करून पुसत होती. तो दारात उभा राहून म्हणाला, “टाकून दे ती. नवी घेऊ.” ती म्हणाली, “धुतली की निघेल.” मग त्याला तिथं करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून तो गॅरेजात गेला आणि कधी नव्हे तो गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसला. तिथं एक पांढरी चादर पसरलेली होती. चादरीखालच्या गादीला अजून कुणाच्या बुडाचा आकार आलेला नव्हता. पुढच्या सीटच्या पाठीवर कारखान्यातलं पातळ प्लास्टिक तसंच होतं. आपण अकरा महिने या गाडीचे मालक आहोत आणि आत्ता पहिल्यांदा इथं बसतो आहोत, हे त्याच्या लक्षात आलं. आणि ही एकतिसावी गाडी होती. आधीच्या तिसांच्या मागच्या सीटवर बसल्याचंही त्याला आठवेना.

देशाच्या दक्षिणेकडच्या या भागात ‘वर्षाची गाडी’ म्हटलं की शेंबड्या पोरालाही कळतं. गाड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्याला दर वर्षी एक कोरी गाडी सवलतीत मिळते. ती वर्षभर वापरायची आणि वर्ष भरलं की बाहेरच्या गिऱ्हाइकाला विकायची. तोवर दारात पुढची उभी. अर्धी गल्ली हेच करते, निवृत्त झालेलेही करतात. यात फसवणूक नाही की पाप नाही. फक्त एकच आहे, गाडी चालवायची ती पुढच्या मालकाच्या वतीनं. तो कोण हे माहीत नसतं, पण तो सगळीकडं बरोबर असतो. तो आरशात बसलेला असतो. म्हणून गाडीत खायचं नाही, ओली छत्री आणायची नाही, कुत्रा पाळायचाच नाही. बसताना आधी आडवं टेकायचं, बाहेर लोंबलेले बूट एकमेकांवर दोनदा आपटायचे, मग पाय आत घ्यायचे. मार्लीसचे बूट एकतीस वर्षं आपटत आले होते. टक टक, आणि मग दार. राइनहोल्डला वाटायचं आपण गाडीला फार जीव लावतो. आता त्या चादरीवर बसल्या बसल्या त्याला वाटू लागलं की जीव लावला तो भलत्याच कुणाच्या गाडीला, आणि स्वतःच्या माणसांशी मात्र आपण हातचं राखून वागलो.

दुखणं तिच्या हाडांत उतरलं होतं. डॉक्टरबाईंनी पाठीच्या कण्याचं चित्र उजेडावर धरून दाखवलं. मणके जागोजागी किडलेल्या दातांसारखे दिसत होते. उन्हाळ्याचं काय ते आत्ता सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या, आणि मार्लीसनं विचारलं होतं, “मला हुझुमला जाता येईल का?” हुझुम म्हणजे देशाचं वरचं टोक, उत्तर समुद्र. तिथं समुद्राच्या बांधाच्या आड लेकीचं, झिल्केचं घर होतं, एकोणीस वर्षांपासून. त्या एकोणीस वर्षांत मार्लीसनं ते घर एकदाही पाहिलं नव्हतं. कारण साधं होतं. जाऊन येऊन सतराशे किलोमीटर. वर्षाची गाडी दहा हजारांच्या वर पळाली की गिऱ्हाईक नाक मुरडतं. आणि आगगाड्या तीन वेळा बदलायच्या म्हणजे मार्लीसच्या कंबरेला झेपत नव्हतं, ती कंबर तेव्हापासूनच कुरकुरत होती. तेव्हा पुढच्या वर्षी जाऊ, असं तो दर वर्षी म्हणायचा. नाताळात झिल्के यायची, आगगाडीनं, स्टेशनवरून पायी. न्यायला येऊ का म्हटलं की म्हणायची, नको, चालणं बरं असतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, आगगाडी नाही, विमान नाही. गाडीनं नेता येईल, पण पाठ टेकून, पाय लांब करून, जवळजवळ आडवं. आणि दुखणं थांबवायचे थेंब दिवसातून तीनदाच. थेंब घेतल्यावर अर्धा तास काही फरक नाही, मग चारेक तास बरं. राइनहोल्डनं चादर गुंडाळली, बगलेत मारली आणि गॅरेजातून बाहेर आला. त्यानं ठरवून टाकलं होतं. मोठी गाडी, लांबलचक, मागं माणूस आडवं होईल अशी. आणि डिझेल. एका टाकीत वरच्या टोकाला पोचणारी, कारण थांबायला लागलं तर ते मार्लीसला हवं म्हणून लागेल, गाडीला हवं म्हणून नाही. घड्याळ थेंबांचं होतं.

दुसऱ्या दिवशी तो कारखान्याच्या विक्री-खिडकीवर गेला. तिथल्या तरुणानं पडद्यावर गाडी फिरवून दाखवली, पाय लांब करायची सीट दाखवली, आणि मग म्हणाला, “अकरा महिने लागतील, बिट्झरसाहेब. सुटे भाग येत नाहीत. फार घाई केली तर दहा.” राइनहोल्ड त्या फिरत्या गाडीकडं पाहत राहिला. एकोणचाळीस वर्षं त्यानं आत, पाचशे पावलांवर, दारं बसवली होती. उजवी बाजू त्याची, डावी जोडीदार झेकीची. दाराची फट अंगठ्याच्या नखानं मोजायची, कुठं लाकडी ठोकळा लावून दाबायचं, कुठं नुसता गुडघा. मग डोळे मिटून दार लोटायचं. आवाज एकच यायला हवा, खोल, पोटातून आलेला. दोन आवाज आले तर पुन्हा. दिवसाला अशी किती दारं त्यानं जगासाठी बंद केली होती, आणि आता बायकोसाठी एक हवं होतं तर अकरा महिने. “मला मार्चअखेर हवी,” तो म्हणाला. तरुण हसला. राइनहोल्ड हसला नाही, म्हणून तोही थांबला.

म्हणजे आता विकत घ्यायची ती कुणाची तरी वापरलेली. तीस वेळा तो विकणाऱ्याच्या बाजूला उभा होता, घेणाऱ्याच्या बाजूला कधीच नाही. त्याच्या जुन्या, दारांच्या खात्यातला उवे नावाचा एक माणूस, त्याच्याहून तीस वर्षांनी लहान, वर्षाची गाडी विकायला काढून बसला होता. काळी, लांब, डिझेल. हुबेहूब हवी तशी. शनिवारी दोघं तिकडं गेली. उवेनं गॅरेजचं दार वर केलं आणि दिवे लावले. सणाला काढलेल्या भांड्यासारखी गाडी चमकत होती. राइनहोल्डनं उजवं मागचं दार उघडलं, डोळे मिटले, लोटलं. एकच आवाज. त्याच्या हातांना एकदम घरी आल्यासारखं झालं. उवे म्हणाला, “आणि मागच्या सीटवर तर आजवर कोणी बसलंच नाही, बिट्झर. वास घेऊन बघ हवा तर. अजून कारखान्याचा येतोय.” हे वाक्य राइनहोल्डच्या ओळखीचं होतं. ‘आणि’नंतरचा छोटा दमसुद्धा ओळखीचा होता. हेच वाक्य त्यानं तीस गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं, अभिमानानं, बायकोसमोर. कोणी बसलंच नाही. आणि बायको बाजूला उभी राहून कॉफी विचारत असे.

“बस की,” उवे मार्लीसला म्हणाला. मार्लीस आडवी टेकली, बूट दोनदा आपटले, पाय आत घेतले आणि सीटच्या कडेला बसली, पाठ न टेकता, हात मांडीवर ठेवून, साहेबाच्या घरी बोलावल्यासारखी. राइनहोल्डनं तिच्याकडं पाहिलं नाही. त्यानं उवेकडं पाहिलं. उवेची नजर तिच्या बुटांवर होती. वाईट नजर नव्हती ती. तोंडभर हसू होतं, मान अदबीनं वाकलेली होती, आणि नजर मात्र बुटांच्या टाचेवरून हलत नव्हती. माणूस स्वतःचा चेहरा आरशात रोज बघतो, पण स्वतःची नजर त्याला अशी दुसऱ्याच्या तोंडावरच बघायला मिळते.

“टेक ना मागं,” तो मार्लीसला म्हणाला.

“टेकलेय की,” ती म्हणाली. टेकली नव्हती.

“नको,” राइनहोल्ड उवेला म्हणाला.

“भावाचं बघू की आपण. कारखान्यातलाच माणूस तू.”

“भावाचं नाही. गाडी चांगली आहे. फार चांगली आहे.”

परतीच्या वाटेवर मार्लीसनं विचारलं, “काय झालं तुला? तशीच तर हवी होती.” सांगायचं कसं ते त्याला कळत नव्हतं. गाडी हवी तशी होती. तीत बसणारी बाई मात्र हवी तशी बसत नव्हती, आणि तिला तसं बसायला त्यानंच शिकवलं होतं. झिल्केलाही. ती पहिलीच वर्षाची गाडी, फिक्या राखाडी रंगाची गादी, झिल्के आठ वर्षांची. आजीच्या बागेतल्या चेरींनी तिची ओंजळ भरलेली होती आणि वळणावर ती ओंजळ उलटली. त्यानं गाडी थांबवली, पोरीला बाहेर उभं केलं आणि तासभर डाग घासत बसला. मारलं नाही, ओरडलाही नाही. डाग गेला नाही, गिऱ्हाइकानं भाव पाडला, आणि मग पुढं वर्षभर जेवताना कुणी काही मागितलं की तो म्हणायचा, आधी चेरींचं वसूल होऊ दे. सगळे हसायचे. झिल्केही हसायची. आपण विनोद करतो आहोत असं त्याला खरोखर वाटायचं. पुढं अठरा पूर्ण होताच ती शिकायला म्हणून निघाली आणि देश जिथं संपतो तिथं जाऊन थांबली.

नेर्मिन ही झेकीची मुलगी. झेकी निवृत्त होऊन मायदेशी, योझगातकडं आपल्या गावी टोमॅटो लावत होता आणि लेक इथं ब्योब्लिंगनच्या रस्त्यावर जुन्या गाड्या विकत होती. राइनहोल्ड एकटाच आवारात शिरला तेव्हा ती एका गाडीच्या काचेवर किंमत लिहीत होती. “राइनहोल्डकाका? तुम्ही, आणि जुनी गाडी? थांबा, बाबांना फोन लावते, त्यांना माझ्या एकटीच्या शब्दावर खरं वाटायचं नाही.”

“लाव. टोमॅटोचं विचार.”

“काय हवंय?”

“मोठी. डिझेल. मागं माणूस आडवं होईल अशी.”

“बॅटरीवाली नको? हल्ली सगळे तेच मागतात. डिझेल बघितलं की लोक असं तोंड करतात, जणू मी मटक्याचा अड्डा चालवते.”

“बॅटरी भरायला थांबायचं म्हणजे थेंबांचा वेळ जातो,” तो म्हणाला, आणि मग तिला कळेना म्हणून सगळं सांगितलं. नेर्मिननं हातातला खडू खिशात ठेवला. “काकूंना घेऊन या उद्या,” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नेर्मिननं दोघांना दाखवलेली गाडी गडद हिरवी होती, सहा वर्षांची, दोन लाख किलोमीटर पळालेली. रेम्सच्या खोऱ्यातल्या एका द्राक्षबागायतदाराची. त्याची म्हातारी आई एक्याण्णवाव्या वर्षापर्यंत रोज सकाळी मागच्या सीटवर पाय लांब करून मळाभर फिरायची, मजुरांवर काचेतून ओरडायची आणि न्याहारीही तिथंच करायची. ती गेल्यावर मुलाला ती सीट बघवेना म्हणून त्यानं गाडी विकायला काढली. राइनहोल्ड गाडीभोवती फिरला. डाव्या बाजूला खरवडलेलं होतं, बहुधा वेलींच्या तारांनी. सीटच्या शिवणीत पावाचा चुरा होता. कातड्यावर एका ठिकाणी गोल गोल घासलेलं होतं, म्हातारीच्या अंगठीनं असणार. त्यानं नाक मुरडलं, आणि ते लपवलं नाही. मग त्यानं उजवं मागचं दार लोटलं. दोन आवाज. वाकून त्यानं फटीवर नख फिरवलं. “दार खाली आलंय. दोन मिलिमीटर.”

“म्हातारी दाराला धरून उठायची,” नेर्मिन म्हणाली. “बसवून देते ना. तुम्ही सांगाल तसं.”

तेवढ्यात मार्लीस आत शिरली होती. तिनं बूट आपटले नाहीत. सीट इतकी पसरट आणि ओळखीची दिसत होती की बहुधा तिला ते सुचलंच नाही. तिनं बूट काढून सरळ बाहेर जमिनीवर ठेवले, देवळात ठेवावेत तसे नव्हे, घरात पलंगाशी ठेवतात तसे. मग बटण दाबलं, पाय वर गेले, पाठ मागं गेली आणि तिच्या तोंडून एक आवाज निघाला, दुखण्याचा नव्हे. ती बराच वेळ तशीच पडून राहिली. शिवणीत बोट घालून तिनं एक केसांची पिन काढली, उजेडात धरली. “बाईचे केस पांढरे असणार. काळ्यांना ही रुपेरी कोणी लावत नाही.” आणि तिनं ती पिन स्वतःच्या केसांत खोचली. स्वतःच्या पांढऱ्या केसांत, परक्या मेलेल्या बाईची पिन. राइनहोल्डच्या अंगावर काटा आला, पण त्याला हेही कळलं की ही बाई आता इथं राहायला आली.

“ही घे,” मार्लीस म्हणाली. एकतीस गाड्यांत तिनं हे कधी म्हटलं नव्हतं. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

“दार?” नेर्मिननं विचारलं.

“राहू दे. तिलाही धरूनच उठावं लागणार,” राइनहोल्ड म्हणाला. एकोणचाळीस वर्षांच्या आपल्या हातांशी त्यानं त्या क्षणी बेइमानी केली, आणि ती करताना त्याला बरं वाटलं.

गल्लीत बभ्रा झाला. शनिवारी सगळे आपापल्या दारात गाड्या धूत होते तेव्हा शेजारचा श्वेंक स्पंज हातात घेऊन कुंपणाशी आला. “अरे, ही कुणाची उचलून आणलीस?”

“माझी.”

“घासूनपुसून विकणार असशील. डिझेल, तेही म्हातारं. स्टुटगार्टात जुन्या डिझेलला बंदी झाली, आता पोरं दगडही मारतील.”

“हिला बंदी नाही. आणि मला स्टुटगार्टला जायचं नाहीये.”

“धुणार नाहीस?”

“नाही.”

श्वेंकच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असाव्यात. तो स्पंज पिळत परत गेला. झिल्केचा फोन आला तेव्हा तिलाही गाडीचं कळलेलं होतं. “बाबा, माझ्या खिडकीतून सतरा पवनचक्क्या दिसतात, आणि तू डिझेल घेऊन येतोयस?”

“तुझ्या पवनचक्क्यांपर्यंत तुझ्या आईला आणायचंय. ती पोचली की मग मला काय बोलायचं ते बोल. दिवसभर बोल.”

“मीच तिकडं येते ना. कशाला तिला त्रास?”

“तुला बघायचं नाहीये तिला. तुला बघून बघून कंटाळलीय. घर बघायचंय.”

झिल्के हसली नाही. तिच्या बाजूनं वाऱ्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, “बाबा, वाटेत तिला उलटी झाली तर?”

“होऊ दे,” तो म्हणाला. मार्लीसनं आतून विचारलं, फोन तुटला का.

मार्चअखेरीस पहाटे पाचला, मार्लीसला पहिले थेंब देऊन दोघं निघाली. गाडी चालवताना राइनहोल्डला पहिले शंभर किलोमीटर आपण कुणाचं तरी काही चोरून नेत आहोत असं वाटत होतं. आरशात पुढचा मालक नव्हता, मार्लीस होती. इंजिनाचा आवाज दूरच्या खोलीत कोणी झोपेत घोरावं तसा जाड आणि संथ होता, आणि गाडी रस्त्यावरून चालत नव्हती तर रस्ता तिच्याखालून कोणी हळूच ओढून घेत होतं. व्युर्त्झबुर्गपाशी मार्लीसनं पडल्या पडल्या लोणी लावलेलं ब्रेत्झल, वेटोळा खारा पाव, काढलं. कडक सालीचा कुरकुर आवाज झाला. जाड मिठाचे खडे कातड्यावर पडताना त्याला ऐकू आले, किंवा ऐकू आल्यासारखे वाटले. त्याची मान ताठ झाली. मागं बघायचं नाही असं त्यानं घरूनच ठरवलं होतं, आणि ते ठरवलेलं तो दोन्ही हातांनी धरून होता. माणसाची सवय म्हणजे काही अंगरखा नव्हे, काढून खुंटीला टांगायला. पण ती आहे म्हणून तिचं ऐकलंच पाहिजे असंही नाही. “तुला हवंय?” मार्लीसनं विचारलं. तिनं मागून एक तुकडा पुढं केला, त्यानं तोंडात घेतला, आणि थोडा चुरा त्याच्या मांडीवर पडला. तो तसाच राहू देऊन त्यानं कासेलच्या चढावर गाडी घातली.

नऊला दुसरे थेंब झाले. हानोव्हरपर्यंत मार्लीस झोपली. सगळं वेळेत चाललं होतं. एकला तिसरे थेंब द्यायचे आणि तीनला दारात. आणि हांबुर्गला, एल्ब नदीखालच्या बोगद्याच्या तोंडाशी, रस्ता गोठला. पुढं कुठं तरी ट्रक आडवा झाला होता. एक वाजून गेला. तिसरे थेंब दिले. पण या वेळी त्यांचा जोर चार तास टिकला नाही, तासाभरात उतरायलाही लागला, आणि गाडी अजून अर्धा किलोमीटरही सरकली नव्हती. दिवसाचे तिन्ही वेळचे थेंब संपले होते, शेवटचा पल्ला त्यांच्याशिवाय काढायचा होता. आरशात तिचा चेहरा हळूहळू राखेच्या रंगाचा होत होता. तो काही बोलला की ती नुसती बोट वर करायची, गप्प राहा म्हणून.

“मागं फिरू? पुढचं वळण आहे, हांबुर्गमध्ये इस्पितळ असेल.”

“फिरलास तर मी उतरून चालत जाईन.”

“मार्लीस.”

“एकतीस गाड्या,” ती म्हणाली. आवाज बारीक होता, दातांमधून येत होता. “एकतीस गाड्या झाल्या आणि मी एकीतही पाठ टेकून बसले नाही. माहीत आहे तुला? कंबर तेव्हाच गेली माझी. डॉक्टरांना काय कळतंय. तू मला एकोणीस वर्षं पुढचं वर्ष दाखवलंस. आता एवढं दाखव. बोगद्यातून ने, समुद्रातून ने, मला काय. पण पुढं ने.”

हे दुखणं तसं बसण्यानं आलं, हे खरं नव्हतं. त्यानं चित्र पाहिलं होतं. पण ते त्याला चित्राहून खरं वाटलं. रडू आलं, ते त्यानं गिळलं, कारण रडणाऱ्यानं गाडी चालवू नये. तो माफीही मागणार होता, पण इथं, या रांगेत, तिला माफी नको होती, रस्ता हवा होता. अडीचला एक रांग सुटली. त्यानं मोठी हिरवी गाडी दोन ट्रकांमधल्या फटीत घातली. दाराच्या फटीचा हिशेब करणाऱ्या त्याच्या डोळ्यांना ती फट पुरेशी वाटली, दुसऱ्या कुणाला वाटली नसती. डावीकडचा आरसा घासल्याचा आवाज आला. त्यानं तिकडं पाहिलं नाही. आणि बोगद्याच्या पिवळ्या उजेडातून, नदीच्या पोटाखालून, तो तिला पलीकडं घेऊन गेला. पुढं हायडेपर्यंत ती कण्हत होती आणि तो तिला कण्हू देत होता. खड्डा दिसला की आधी सांगत होता, “आता,” आणि ती दाराला धरत होती.

बांधाच्या आडचं ते घर विटांचं, बसकं, गवताच्या छपराचं होतं. साडेचार वाजले होते. झिल्के रबरी बुटांनिशी धावत आली, बुटांना मेंढ्यांच्या कुरणातला चिखल होता. तिनं मागचं दार उघडलं आणि वाकून आईला धरलं. आतल्या खोलीत तिनं पलंग लावून ठेवला होता, कुणाकडून चाकांची खुर्चीही आणली होती. मार्लीस म्हणाली, “थांब जरा. हललं की कळ येते. इथं बरं आहे. ये, तूच आत ये.”

झिल्के ओल्या विटांवर उभी राहून एकेक बूट काढू लागली.

“राहू दे,” राइनहोल्ड म्हणाला. “तशीच बस.”

तिनं ऐकलं नसावं, किंवा ऐकलं असावं. तिनं दोन्ही बूट काढले, मोज्यांनी आत शिरली आणि आईच्या पायांवरच्या घोंगडीत पाय घातले. एकतीस वर्षांचं एका शब्दात निघत नाही, हे त्याला कळत होतं. त्यानं तिचे बूट उचलून वळचणीला, कोरड्यात ठेवले.

“सूप केलंय,” झिल्के म्हणाली. “कोळंबी आणि बटाटा.”

“इथंच आण,” मार्लीस म्हणाली.

“गाडीत?”

“गाडीत.”

दोघींपैकी कोणीही त्याच्याकडं पाहिलं नाही. “मी आणतो,” तो म्हणाला. वाऱ्यानं त्याच्या पाठीमागं गाडीचं दार आपटलं, दोन आवाजांत.

लेकीच्या स्वयंपाकघरात तो पहिल्यांदाच उभा होता. कुठला खण कशाचा ते माहीत नव्हतं. पहिल्यात काडेपेट्या निघाल्या, दुसऱ्यात दोऱ्याचे गुंडे, तिसऱ्यात चमचे. सूप उकळून झाकून ठेवलेलं होतं. खिडकीतून गाडी दिसत होती. काचा आतून धुरकटल्या होत्या आणि त्यांतून दोन डोकी एकमेकांना लागलेली दिसत होती; हसत होत्या की रडत होत्या ते कळत नव्हतं, खांदे मात्र हलत होते. त्यानं तीन वाडगे काढले. मग एक परत ठेवला. दोन भरले, आणि त्यांच्याकडं बघत थोडा वेळ उभा राहिला. मग तिसरा पुन्हा घेऊन तोही भरला.

तबक घेऊन तो वाऱ्यात बाहेर आला आणि सूप सांडू नये म्हणून पावलं मोजत गाडीशी गेला. चावी त्याच्या खिशात होती, आणि ते दार कसं उघडतं हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं कोपरानं काचेवर हळूच टकटक केलं आणि आत घेतील म्हणून वाट बघत उभा राहिला.